शेपटीवरचं जग: ब्रिटिश एअरवेजच्या रंगबदलाचं प्रकरण

10 जून 1997 रोजी ब्रिटिश एअरवेजने आपल्या विमानांचा नवा पेहराव जाहीर केला. धडाचा वरचा भाग पांढुरका, पोट गडद निळं, नावाशेजारी लाल-निळी लहरती फीत. इथपर्यंत कुणाला भुवई उंचावण्याचं कारण नव्हतं. खरी गंमत शेपटीवर होती. एका विमानाच्या शेपटीवर पोलंडमधल्या लोविच भागातल्या कागदी कातरकामातले कोंबडे, दुसऱ्यावर टार्टन म्हणजे स्कॉटिश चौकडी, तिसऱ्यावर हाँगकाँगच्या एका सुलेखनकाराचे फटकारे, चौथ्यावर दक्षिण आफ्रिकेतल्या एन्देबेले घरांच्या भिंतींवर असतात तशा रेखीव आकृत्या. एकाच कंपनीची विमानं, आणि शेपट्या डझनावारी तऱ्हांच्या.

चार वर्षांत हा सगळा प्रकार गुंडाळला गेला. ब्रँडिंगच्या वर्गांत तो आजही 'असं करू नका' म्हणून शिकवला जातो, आणि बहुतेक वेळा एका बाईंच्या एका रुमालाची गोष्ट म्हणून. रुमालाकडे येऊच. पण माझ्या मते तो या प्रकरणातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. चित्रं वाईट नव्हती, उलट काही तर विमानावर आजवर रंगवल्या गेलेल्या उत्तम चित्रांत धरावीत अशी होती. चूक झाली ती शेपटीचं काम काय असतं हे ओळखण्यात, आणि विमानाचा रंग किती सावकाश बदलतो याचा हिशेब न मांडण्यात.

आधीचा पेहराव

ब्रिटिश एअरवेज ही 1974 मध्ये बीओएसी आणि बीईए या दोन सरकारी कंपन्या एकत्र करून झालेली. खाजगीकरण 1987 चं, पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या काळातलं. त्याच्या तयारीत, 1984 च्या अखेरीस, लँडॉर या अमेरिकी डिझाइन संस्थेकडून नवा पेहराव करून घेतला होता. शेपटीचा वरचा भाग गडद निळा, त्यावर चंदेरी राजचिन्ह, आणि खालच्या भागात युनियन जॅकचा एक कापलेला तुकडा. पुढे 'यांनी झेंडा काढून टाकला' असा गवगवा झाला तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अख्खा फडकता झेंडा होता. प्रत्यक्षात होता तो तुकडाच. पण लोकांच्या आठवणीत तो पूर्ण झाला होता, आणि ब्रँडचा व्यवहार आठवणींवरच चालतो.

लँडॉरच्या त्या पेहरावात रुबाब होता. शाळेच्या ब्लेझरसारखा, किंचित ताठ. नव्वदच्या दशकात कंपनीच्या पाहणीत नेमकी हीच तक्रार पुढे आली: परदेशी प्रवाशांना ही कंपनी थंड, अलिप्त, थोडी शिष्ट वाटते. आणि परदेशी प्रवासी म्हणजे थोडेथोडके नव्हेत, जवळपास साठ टक्के. जानेवारी 1996 मध्ये मुख्य कार्यकारी झालेले बॉब आयलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष कागदावर बिनतोड दिसतो: आपण ब्रिटनची विमानकंपनी राहिलो नाही, जगाची झालो आहोत, तर दिसायलाही जगाचं दिसलं पाहिजे. न्यूवेल अँड सोरेल या लंडनच्या डिझाइन संस्थेला काम दिलं गेलं. खर्चाचा आकडा जाहीर झाला 6 कोटी पौंड.

चित्रं निवडताना मेहनत घेतली होती हे मान्यच करायला हवं. कुठल्यातरी स्टुडिओत बसून 'आफ्रिकन वाटेल असं काहीतरी' काढलेलं नव्हतं. बोट्स्वानातल्या कालाहारीतल्या सान समाजातल्या चित्रकार कोसे न्त्कोहो यांचं प्राण्या-झाडांचं चित्र, एमली आणि मार्था मासानाबो या बहिणींच्या एन्देबेले रचना, आम्स्टरडॅमच्या ह्यूगो कागमन या स्टेन्सिल-ग्राफिटीवाल्याने डेल्फ्टच्या निळ्या चिनी मातीच्या कामाशी केलेला खेळ, डेन्मार्कच्या पेर आर्नोल्डी यांचे साधे सपाट पंख. भारताच्या वाट्याला मीरा मेहता यांची रचना आली आणि तिचं नाव होतं 'पैठणी'. युनियन जॅकच्या जागी पैठणी! ब्रिटिश खासदारांना ती चढली नाही यात नवल नाही. आपल्याकडे त्याची बातमी फारशी रुजली नाही याचं मात्र मला अजून आश्चर्य वाटतं.

ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या कॉनकॉर्डवर मात्र पहिल्या दिवसापासून फडकता युनियन जॅकच होता. चॅटम इथल्या जुन्या नौदल गोदीच्या नावाने ओळखली जाणारी ती रचना. सगळ्यात महागडं तिकीट घेणाऱ्या प्रवाशासमोर कंपनीला आपलं ब्रिटिशपण लपवावंसं वाटलं नाही. या एका अपवादात पुढच्या सगळ्या भांडणाचं बीज होतं, आणि ते कंपनीच्या स्वतःच्याच हाताने पेरलेलं होतं.

शेपटी कशासाठी

विमानतळावर काचेमागे उभं राहून बाहेर पाहिलं तर विमान पूर्ण दिसतंच असं नाही. एरोब्रिज आडवा येतो, इंधनाची आणि जेवणाची वाहनं येतात, मध्येच दुसरं विमान उभं असतं. धडावर केवढंही मोठं नाव लिहा, त्याचा निम्मा भाग कशाच्या तरी मागे जातो. या सगळ्याच्या वर उरते ती शेपटी. 747-400 या जम्बो विमानाच्या शेपटीचं टोक जमिनीपासून साडेएकोणीस मीटरच्या आसपास, म्हणजे सहा मजली इमारतीइतकं उंच. म्हणून विमानकंपन्या आपली सगळ्यात ठळक खूण तिथे लावतात: ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासचा कांगारू, जर्मनीच्या लुफ्तान्साचा करकोचा. ती जागा चित्रासाठी छान आहे म्हणून नव्हे, तर दुरून ओळखू येते म्हणून.

ही ओळख फक्त प्रवाशाला लागते असंही नाही. टॅक्सी-वेवर नियंत्रक वैमानिकाला सांगतो की डावीकडून येणाऱ्या अमुक कंपनीच्या 757 ला जाऊ दे आणि तिच्या मागे लाग. ब्रिटिश एअरवेजची रेडिओवरची हाक 'स्पीडबर्ड'. आता बाहेरगावचा वैमानिक मान वळवून डावीकडे बघतो, तर तिथे एक कोंबडे-फुलांचं, एक टार्टनचं आणि एक चिनी सुलेखनाचं अशी तीन विमानं. यातलं ब्रिटिश कुठलं? तिन्ही. हवाई वाहतूक नियंत्रकांकडून अशा तक्रारी आल्याच्या बातम्या त्या काळात छापून आल्या होत्या. यातून अपघात वगैरे काही झाला नाही, पण काम करणाऱ्यांना रोज खुपणारी गोष्ट होती.

शेपट्या वेगवेगळ्या असूनही कंपनी ओळखू यायला धडाचा रंग आणि ती लाल-निळी फीत पुरेशी ठरेल, असा डिझाइनरांचा हिशेब होता. पुस्तिकेत ते पटतं. तिथे विमान बाजूने, पूर्ण, स्वच्छ पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेलं असतं. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पावसात ते तसं दिसत नाही.

ब्रिटिश एअरवेजच्या आधी दोन विमानकंपन्यांनी विमानावर मोठी चित्रं काढली होती आणि दोघींचं कौतुक झालं होतं. जपानच्या ऑल निप्पॉनने 1993 मध्ये एका शाळकरी मुलीच्या चित्रावरून अख्खं जम्बो देवमासा आणि समुद्री जीवांनी भरून टाकलं. क्वांटासने 1994 मध्ये बालारिंजी स्टुडिओकडून आदिवासी शैलीतलं लाल 'वुनाला ड्रीमिंग' करून घेतलं. दोन्ही ठिकाणी बाकीचा ताफा नेहमीच्या वेशात होता, म्हणून रंगवलेलं विमान सणाच्या कपड्यातलं वाटलं. क्वांटासच्या लाल जम्बोवर तर शेपटीवरचा कांगारूही शाबूत होता. ब्रिटिश एअरवेजचा तेव्हा क्वांटासमध्ये 25 टक्के हिस्सा होता. उदाहरण घरातच होतं. त्यातून 'चित्र लोकांना आवडतं' एवढाच धडा घेतला गेला आणि 'एखाद्याच विमानावर आवडतं' हा अर्धा राहून गेला.

रंगाचा कारखाना

विमान रंगवणं म्हणजे नक्की काय, हे माहीत नसलं तर या प्रकरणाचा वेग कळत नाही.

रंग द्यायचा तर विमान उड्डाणातून काढावं लागतं. हँगरमध्ये आल्यावर खिडक्या, सेन्सरची भोकं, सांधे, रबरी पट्ट्या हे सगळं झाकायचं. मग जुना रंग रसायनाने सोलायचा किंवा घासून काढायचा, धातू स्वच्छ करायचा, गंजरोधक प्राइमर, त्यावर पॉलियुरेथेनचा रंग, प्रत्येक थर वाळायला वेळ. मोठ्या विमानाला आठवडा सहज जातो, जास्तही लागतो, आणि तेवढे दिवस ते एक पैसाही कमवत नाही. म्हणून कंपन्या हे काम मोठ्या देखभालीच्या वेळेशी जुळवून घेतात, दर काही वर्षांनी एकदा. जुन्यावर नवा थर चढवत राहणं परवडत नाही, कारण पूर्ण रंगवलेल्या जम्बोवर रंगाचंच वजन अडीचशे किलोच्या घरात जातं आणि ते प्रत्येक फेरीत इंधन खातं.

शेपटीचा प्रश्न आणखी नाजूक. तिचा पुढचा भाग स्थिर, मागचा भाग हलणारा, म्हणजे रडर. 747 वर तर रडरचे वर-खाली असे दोन वेगळे तुकडे असतात. बिजागरीच्या मागे वजन वाढलं तर वेगात तो भाग फडफडायला लागू शकतो, आणि ती फडफड शेपूट मोडू शकते. म्हणून रडर रंगवल्यावर त्याचा तोल तपासावा लागतो, थरांच्या जाडीला मर्यादा असते. एका सपाट निळ्या शेपटीला हे सोपं. पाच-सहा रंगांच्या, एकमेकांवर चढणाऱ्या आकृत्यांना प्रत्येक रंगासाठी वेगळं मास्किंग, वेगळी फवारणी, आणि चित्र स्थिर भागावरून फटी ओलांडून रडरवर जाताना रेघेला रेघ जुळली पाहिजे. शिवाय देखभालीत रडर बदलायची वेळ आली तर? सगळ्या शेपट्या सारख्या असतील तर गोदामातला तयार रडर लावून विमान बाहेर. प्रत्येक शेपटी वेगळी असेल तर आधी त्यावर अर्धा कोंबडा काढा.

(रंग हा विमानाचा नुसता पोशाख नसतो याचं टोकाचं उदाहरण वर्षभर आधीचंच होतं. 1996 मध्ये एअर फ्रान्सने एक कॉनकॉर्ड पेप्सीच्या निळ्यात रंगवलं. कॉनकॉर्डचा नेहमीचा पांढरा रंग उष्णता परावर्तित करण्यासाठी होता. निळ्या धडाने ध्वनीच्या दुप्पट वेगाला वीस मिनिटांपेक्षा जास्त काळ उडू नये असा दंडक घालावा लागला.)

या सावकाशपणाचा अर्थ असा की तीनशेच्या आसपास विमानांचा ताफा एका रात्रीत वेश बदलत नाही. जाहीर केलेला नवा पेहराव आणि जुना पेहराव काही वर्षं शेजारी शेजारी उभे राहतात. दोन्ही पेहरावांत काही समान असेल तर हा काळ निभावतो. इथे नवा पेहराव स्वतःच डझनावारी तऱ्हांचा, त्यात जुना लँडॉर मिसळलेला. प्रवाशाला शिस्तबद्ध विविधता दिसायच्या ऐवजी नुसती सरमिसळ दिसली.

संप आणि रुमाल

पेहराव जाहीर झाला जूनमध्ये. त्याच वेळी कंपनी खर्च कापत होती आणि केबिन क्रूच्या वेतन-भत्त्यांच्या फेररचनेवरून वाद पेटला होता. बरोबर महिन्याने, 9 जुलैला, तीन दिवसांचा संप सुरू झाला. उघडपणे संपावर गेले तीनशेच्या आसपास. त्यांच्या कितीतरी पट कर्मचारी त्या दिवसांत 'आजारी' पडले. व्यवस्थापनाने संपकऱ्यांना दिलेल्या धमक्यांचा तो परिणाम, असं तेव्हा सर्रास म्हटलं गेलं. कंपनीला या सगळ्याची झळ बसली साडेबारा कोटी पौंडांची, म्हणजे रंगाच्या दुप्पट.

आता कर्मचाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. तुमच्या भत्त्याला पैसा नाही आणि शेपट्यांना 6 कोटी आहेत. कंपनीकडे याला उत्तर होतं: विमानं तशीही ठरावीक काळाने रंगवावीच लागतात, आकडा अनेक वर्षांचा आहे, त्यात नुसता रंग नाही. उत्तर खरं होतं, पण संपाच्या फाटकावर ते कुणी ऐकून घेत नाही. आणि परदेशी प्रवाशाला जी ऊब द्यायची होती ती शेपटी थोडीच देणार होती! ती देणार होता ट्रे घेऊन येणारा माणूस, आणि तो रागावलेला होता. मला विचाराल तर नव्या पेहरावाचं नशीब इथेच ठरलं.

रुमाल आला ऑक्टोबरात. ब्लॅकपूलला हुजूर पक्षाच्या अधिवेशनात ब्रिटिश एअरवेजचा स्टॉल होता, त्यावर नव्या शेपटीचं छोटं जम्बो ठेवलेलं. मार्गारेट थॅचर तिथे थांबल्या, पर्समधून रुमाल काढला आणि कॅमेऱ्यांसमोर शेपटीवर टाकला. आम्ही ब्रिटिश झेंडा मिरवतो, हे भयंकर प्रकार नव्हेत, अशा आशयाचं बोलल्या. ज्या बाईंनी ही कंपनी सरकारच्या हातून काढून बाजारात सोडली, त्यांनीच बाजाराच्या निर्णयावर रुमाल टाकावा, हा विनोद त्या वेळी फार कुणाला सुचलेला दिसत नाही. त्यात नवा पेहराव आला होता टोनी ब्लेअर यांच्या विजयानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी. असं काम सहा आठवड्यांत उभं राहत नाही, त्याची तयारी कितीतरी आधीची. तरी ब्लेअर यांच्या 'नव्या ब्रिटन'चं खूळ म्हणून त्यावर शिक्का बसला तो बसलाच.

स्पर्धकाने मग रिकामी जागा भरली. रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या व्हर्जिन अटलांटिकने 1999 मध्ये पंखांच्या टोकांवर युनियन जॅक रंगवला आणि ब्रिटनचा झेंडा मिरवणारी कंपनी आपणच असा दावा ठोकला. पॉप संगीताच्या धंद्यातून आलेली, लाल गणवेशातली ही कंपनी एरवी परंपरेच्या वाटेला जाणारी नव्हे. पण टाकून दिलेला झेंडा उचलायला परंपरा लागत नाही.

माघार

जून 1999 मध्ये आयलिंग यांनी जागतिक चित्रांचं काम थांबवलं. तोवर ताफ्यातल्या अर्ध्याच्या आसपास विमानांच्या शेपट्या रंगवून झाल्या होत्या. त्या तशाच राहतील आणि उरलेल्यांवर कॉनकॉर्डचा चॅटम झेंडा येईल, असा तोडगा. दोन्ही बाजूंना खूश करणारा वाटतो ना? प्रत्यक्षात त्यामुळे हीथ्रोवर एकाच कंपनीच्या तीन पिढ्या एकदम नांदू लागल्या: अजून न रंगवलेला लँडॉर, जगभरची चित्रं, आणि नवा झेंडा. ओळख विस्कटली होती ती आणखी विस्कटली. संचालकांना यापेक्षा वेगाने माघार घेता आली नसती हेही खरं, कारण नुकत्याच रंगवलेल्या शेपट्या पुन्हा सोलायला काढणं म्हणजे भागधारकांसमोर सरळ दिवाळं मांडणं.

मार्च 2000 मध्ये आयलिंग गेले. कारण शेपट्या नव्हत्या, कारण ताळेबंद होता: खाजगीकरणानंतर कंपनी पहिल्यांदा तोट्यात गेली होती. त्यांच्या जागी ऑस्ट्रेलियाचे रॉड एडिंग्टन आले आणि मे 2001 मध्ये त्यांनी अख्खा ताफा झेंड्याखाली आणण्याचा निर्णय जाहीर केला. ब्रिटिश झेंडा परत आणायला ऑस्ट्रेलियन माणूस लागला, याची चेष्टाही झाली. जाहीर झाल्यावरही चित्रांच्या शेपट्या काही वर्षं उडत होत्या. देखभालीची वेळ आली की एकेक उतरत गेली.

मग मूळ पाहणी खोटी होती का? तसं मला वाटत नाही. साठ टक्के प्रवासी परदेशी होते, आणि कंपनी त्यांना थंड वाटत होती, दोन्ही खरं. मधली उडी चुकली. लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणारा टोकियोचा प्रवासी ब्रिटिश एअरवेजचं तिकीट घेतो तेव्हा त्यातलं 'ब्रिटिश' तो सहन करत नसतो, विकत घेत असतो. त्याला जपानी शेपूट हवी असती तर जपानी कंपनी होतीच. थंडपणावरचा इलाज केबिनमध्ये होता, आणि तो महाग, किचकट, माणसांशी वाटाघाटी करायला लावणारा. रंगाशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत.

मी त्या टेबलावर असतो तर चित्रं टाकून दिली नसती. शेपटीला हात न लावता चार-पाच विमानांच्या धडावर, दोन-दोन वर्षांसाठी, चित्रकाराचं नाव दाराजवळ लिहून ती काढली असती. कोसे न्त्कोहो यांचं चित्र बघायला लोक विमानतळावर आले असते. ताफ्यावर सरसकट पसरल्यावर त्याच चित्राची किंमत 'आणखी एक विचित्र शेपटी' एवढीच राहिली, आणि हा अन्याय त्या चित्रकारांवरही झाला. त्यांच्यातल्या कुणाला तो विचारून केलेला नव्हता.

2019 मध्ये आपल्या पूर्वज कंपन्यांपासून धरून ब्रिटिश एअरवेजने शंभरी साजरी केली. त्यासाठी चार विमानांना जुने पेहराव पुन्हा चढवले: बीओएसीचा, बीईएचा, 1974 च्या विलीनीकरणानंतरचा आणि लँडॉरचा. 1997 चा त्यांत नव्हता.